नाला म्हणजे पऱ्या

आये, सगळ्यांत आधी आला तो तुझा नातू, भावाचा मुलगा. त्याच्यासोबतचा वरच्या वाडीतला क्लार्क खाली गाडीला जागा शोधत फिरत होता. इथे आखातात, आमच्या अल हिलालला संध्याकाळी गाडीला जागा मिळणं म्हणजे ईदच्या आदल्या दिवशी शिंप्याकडून कपडे मिळण्यासारखं. पण हा थांबतोय कुठला! आला आणि दारात चपला अशा भिरकावल्या की एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, तुझ्या पडवीत टाकायचा तशाच. वर मला म्हणतो, "फुफू, जाडी झालीस गं." म्हटलं, "तू शाळेची बस चालवतोस, मी काय तुझ्या बसमध्ये बसते? तुला कसला भार?" हसला. हसताना त्याची हनुवटी तुझ्यासारखी पुढे येते. अल गराफ्याहून माझ्यासाठी आंब्याचं साठ घेऊन आला होता, गावाहून कोणाच्या तरी बॅगेतून आलेलं, अर्धं त्याने वाटेतच खाल्लेलं. मुलगा साइटवर, सून ऑफिसात, घरात मी आणि माझी नात. मला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली. तूच सांग, माझ्याकडे कोण येतं? येतात ते मुलाकडे येतात, सुनेकडे येतात, मला सलाम करून आतल्या खोलीत जातात. काल दोन माणसं कागद घेऊन खास माझ्याकडे आली, कारण इथल्या गावकऱ्यांत मी सगळ्यांत म्हातारी. म्हातारपणाचा एवढा मान मला आजवर मिळाला नव्हता.

मग क्लार्क वर आला, घामाघूम. हा द पर्लच्या एका इमारतीच्या ऑफिसात बसतो आणि बोलतोही तसाच, जरा टाय लावून. म्हणाला, "चाची, आपली ग्रामपंचायत गेली. तीन गावं मिळून नगरपंचायत होतेय. वॉर्ड नव्याने पाडलेत, नकाशा लागलाय, हरकती घ्यायची मुदत थोडी राहिलीय." तुला नगरपंचायत माहीत नाही, पण वॉर्ड माहीत आहे, तुझ्याएवढा कोणाला माहीत असणार. तर नव्या नकाशातही त्यांनी जुनीच रेघ उचललीय. वरची वाडी एका वॉर्डात, खालची दुसऱ्या. मधून वाहणारा वहाळ हीच हद्द. आपला मोहल्ला एवढ्या वर्षांनी पुन्हा तसाच दोन तुकडे. क्लार्क म्हणतो, "माणसं मोजून वॉर्ड पाडतात, चाची. आणि आपली माणसं कुठे आहेत? इथे. गावात कुलुपं आहेत. कुलुपांना मत नसतं." तुझा नातू चहाचा घोट घेऊन म्हणाला, "माझ्या दाराला कुलूप नाय. माझी बायको आहे तिकडे, पोटुशी." असं सरळ म्हणाला आणि बशीकडे बघत राहिला.

आये, तू मेंबर झालीस तो दिवस मला काल आठवला, म्हणजे आठवला कसला, समोरच उभा राहिला. बायकांना जागा राखीव झाली तेव्हा पुरुषांनी चावडीवर डोकी खाजवली आणि तुझं नाव घातलं, कारण तू विधवा आणि कोणाच्या अध्यातमध्यात नाही. त्यांना वाटलं, म्हातारी अंगठा उठवील आणि गप्प बसेल. अंगठा तू उठवलास, पण गप्प कुठली बसतेस! पहिल्या मिटिंगला तुला एक पेन मिळालं, निळ्या टोपणाचं. तू ते ओढणीच्या टोकाला बांधून वहाळ ओलांडून माझ्या सासरी वरच्या वाडीत आलीस आणि मला दिलंस. म्हणालीस, "मला याचा काय उपयोग? तू चौथी शिकलीस. तू माझा हात." तेव्हा गावातली निम्मी पत्रं मीच लिहायची, दुबईला, कुवेतला, बोटीवर. बायका सांगायच्या, "लिही, भात बरा आलाय," आणि मी लिहायची, "पीकपाणी समाधानकारक आहे." नवऱ्यांना वाटायचं, बायको शिकली की काय. मला त्याची फार घमेंड होती. लोक सांगायचे एक आणि मी त्याला इस्त्री करून पाठवायची.

पाच वर्षं झाली आणि नव्या निवडणुकीआधी वॉर्डांचा कागद पंचायतीच्या फळ्यावर लागला. खालच्या वाडीच्या टोकाची चार घरं त्यात पलीकडच्या गावाला जोडली होती. तू चिडलीस. चार घरं म्हणजे चार चुली, म्हणालीस, मी का सोडू? तुझ्या चुलीपुढे बसून मी हरकत लिहिली. तू भाकरी थापत होतीस, हात पिठाचे, आणि सांगत होतीस, "लिही, आमच्या मोहल्ल्याची हद्द पऱ्यापर्यंत आहे. माझ्या आजेसासऱ्यापासून पऱ्यापर्यंतच आहे." पऱ्या म्हणजे तो खालच्या वाडीच्याही खालचा ओहोळ, उन्हाळ्यात आपण उडी मारून ओलांडायचो तो, त्याच्या पलीकडे दुसरं गाव. आणि मी पेन उचललं आणि मला लाज वाटली. तहसील कचेरीत पँट घातलेली माणसं बसतात, ती पऱ्या वाचतील आणि हसतील, म्हणतील कुठली गावंढळ. मी लिहिलं, नाला. "मोहल्ल्याची हद्द नाल्यापर्यंत आहे." कसं भारदस्त वाटलं! आपल्या गावात नाला कोणी कधी म्हणालेलं नाही. वहाळ म्हणतात, पऱ्या म्हणतात. नाला मी एका मुंबईच्या पत्रातून उचलला होता.

तू म्हणालीस, "वाचून दाखव." मी वाचलं. आणि वाचताना, आये, मी पऱ्याच वाचलं. कागदावर नाला, तोंडात पऱ्या. तुला दुखवायचं नव्हतं, एवढंच. तू मान हलवलीस, अंगठ्याचं पीठ ओढणीला पुसलंस आणि अंगठा शाईत बुडवलास. तरी थोडं पीठ राहिलंच. ठसा फिसकटला. "जाऊ दे," तू म्हणालीस, "सरकारला माझा अंगठा ओळखू येतो." आणि जाता जाता मला टोकलंस, "अक्षर छान आहे तुझं. पण सांगितलं तेवढंच लिहावं गं. वाढवू नये." मला वाटलं तुला कळलं की काय. पण तुला कळलं नव्हतं, तू नेहमीच असं म्हणायचीस.

हरकत मान्य झाली. तू गूळ वाटलास, आठवतं? त्या टोकाच्या चार घरांनाही पोचवलास. आणि महिन्याने पक्का नकाशा लागला. सरकारी नकाशावर नाला म्हणून एकच रेघ होती, ती आपल्या वहाळाची. पऱ्याला तिथे नावच नव्हतं. तू चार घरं मागायला गेलीस आणि अख्खी खालची वाडी हातातून गेली, तुझ्या स्वतःच्या घरासकट. पलीकडच्या गावच्या वॉर्डात तू उभी राहिलीस, तिथे तुला ओळखतं कोण, पडलीस. तू पडलीस त्याचं मला एवढं नाही. पण वहाळावरचा साकव, पायी ओलांडायचा पूल, तू मंजूर करून आणला होतास. तो बांधायचा राहिला. आता वहाळ हद्द झाला, आणि हद्दीवरचं काम कोणाचं? वरचा मेंबर म्हणायचा खालच्याचं, खालचा म्हणायचा वरच्याचं. दरवर्षी पोफळीचे दोन सोट टाकायचे आणि आषाढात ते वाहून जायचे.

तो दिवस मी लिहिणार नव्हते, पण कालपासून डोळ्यांपुढून हलत नाही. दुपारची वेळ. भाऊ बोटीवर. तू आणि चार शेजारी अडलेल्या भावजयीला खुर्चीत बसवून काठावर आणता, वर ताडपत्री. डॉक्टर, रस्ता, जीप, सगळं माझ्या बाजूला. मी वरच्या काठावर उभी आहे, जीपवाल्याला धरून. मध्ये वहाळ लाल पाण्याने भरून चाललाय. तू काहीतरी ओरडतेस, मला ऐकू येत नाही, पाण्याचा आवाज. मी ओरडते, तुला ऐकू येत नाही. मला तुझा फक्त हात दिसतो, वर-खाली, वर-खाली, म्हणजे थांबा की या, काही कळत नाही. असरची बांग होईपर्यंत आपण अशा समोरासमोर उभ्या होतो. पाणी उतरलं तेव्हा ताडपत्रीखाली ती नव्हतीच राहिली. तू पाण्यातून चालत आलीस ती ओढणीत हे पोर घेऊन. म्हणालीस, "हा आहे." बाकी काही नाही. काल ज्याने माझ्या दारात चपला भिरकावल्या तो हा.

तू त्याला वाढवलंस. सात वर्षांचा होईपर्यंत, मग तू गेलीस. आणि शेवटपर्यंत तू काय म्हणायचीस? "माझ्या अंगठ्याला पीठ होतं. ठसा नीट उठला नाही, म्हणून नकाशा चुकला." मी तुझे पाय चेपत ऐकायची. एकदा तरी सांगायचं होतं ना मी, की आये, अंगठा नव्हे, शब्द. नाही सांगितलं. तुझ्या पायांना तेल लावत राहिले. पुढे मुलाला नोकरी लागली, मी इथे आले, एसीत बसले, नातवंडं झाली, हसले-बोलले. मी रडवी बाई नाहीच मुळी, सून म्हणते मम्मी तुमचं तोंड बंद राहत नाही. पण आत तो एक शब्द होताच.

तर काल क्लार्कने पिशवीतून झेरॉक्स काढली. त्याच्या भावाने अर्ज करून जुनी फाइल मिळवलीय. माझ्यापुढे ठेवली. तुझा अंगठा, फिसकटलेला, आणि वर माझ्या ओळी. तुझा नातू वाकून म्हणाला, "फुफू, हे दादीचं. पण लिहिलंय कोणी? कोण शहाणा नाला म्हणतो आपल्याकडे? त्या एका शब्दाने आमचं वाटोळं केलं." क्लार्क हसला. आणि आये, मीही हसले. म्हटलं, "कारकून असेल कोणीतरी कचेरीतला." खोटं इतकं सहज आलं, जसं चहात साखर.

क्लार्क म्हणाला, "तेच तर! कारकुनाचं म्हटलं तर पुरावा काय? ज्याने लिहिलं तो जिवंत असता आणि त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं असतं, की नाला म्हणजे मला पऱ्या म्हणायचं होतं, तर दोन्ही अक्षरं शेजारी ठेवता आली असती. मग सुनावणीत आपलं ऐकावं लागलं असतं. पण तो कशाला जिवंत असेल आता?" तुझा नातू म्हणाला, "मेला असला तर बरं. जिवंत असला तर मला भेटू नये." दिवस भरायच्या आधीच तो बायकोला तालुक्याला नेऊन ठेवणार आहे, आईची गोष्ट त्याला माहीत आहे. "पण फुफू, नंतर? पोर शाळेत जाणार वहाळातून. एका वॉर्डात आलो तर एकच मेंबर, एकच माणूस धरायचा. साकव होईल इन्शाल्ला."

नात मोबाइलवर गाव शोधत होती. वहाळ सापडला, तपकिरी रेघ. म्हणाली, "दादी, देअर्स नथिंग बिलो धिस. व्हेअर इज द अदर वन?" झाडीखाली दिसत नाही तो वरून. मी चहाच्या ताटलीत पाणी सांडलं आणि बोटाने काढून दाखवला. ही वरची वाडी, हा वहाळ, ही खालची, आणि हा बघ, हा पऱ्या. ती म्हणाली, "पऱ्या." अगदी तुझ्यासारखं म्हणाली गं, ऱ्या वर जोर देऊन. तिला मराठीत एक शब्द धड बोलवत नाही, आणि हा आला. तुझ्या नातवाने टाळी वाजवली. मला वाटलं आत्ता सांगून टाकावं, ताटलीतलं पाणी सुकायच्या आत. क्लार्कने घड्याळ बघितलं, म्हणाला, यल्ला, चला, उशीर झाला. झेरॉक्स माझ्याकडेच ठेवली. "चाची, निवांत आठवा, अक्षर ओळखीचं वाटलं तर सांगा."

आज सकाळपासून निवांत आहे. वहीतला एक कागद फाडला, त्यावर लिहिलं, हे अक्षर माझं आहे. पुढे लिहायचं तर हात थांबला, म्हणून हे पत्र तुला काढलं. हे कुठे टाकणार मी, तुझ्या कबरीवर पोस्टमन जात नाही. झेरॉक्सच्या शेजारी तो कागद ठेवून बघितला. अक्षर आता कापरं झालंय, पण त मधला बाक तोच आहे, कोणीही ओळखील. मग एक ओळ अजून लिहिली, नाला म्हणजे पऱ्या. सही राहिलीय. तुझा नातू मला पुन्हा फुफू म्हणेल की नाही, ते सहीच्या पलीकडे आहे.

आणि एक, आये. काल झेरॉक्स समोर आली तेव्हा पहिल्यांदा मला तुझा अंगठा दिसला नाही, भावजय आठवली नाही. पहिल्यांदा वाटलं, काय सुंदर अक्षर होतं माझं.

शुक्रवारी, जुम्मा झाल्यावर परत येतो म्हणालेत, दोघंही.