गुरांनी तोडलेली तार

बाबा, तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी पेडण्याच्या बाजारात पाव घ्यायला उभा राहिलो की तुझं हसू ऐकू येतं. मी श्रीलंकेहून सुट्टीवर आलो होतो. तिथे गेलेल्या आपल्या शांतिसेनेच्या टेलिफोनच्या तारा सांभाळणं हे माझं काम. लाईन बंद पडली की तार तळहातातून सरकवत चालायचं आणि जिथे तुटली असेल तिथे जोडायची. तू विचारलंस, कोण तोडतं? मी म्हटलं, गुरं. तू भर बाजारात टाळी पिटलीस. "आयकलात? माझो झील दर्यापलीकडे जावन लोकांची गोरवां राखता! तां काम हंय नाय होता?" पाववालासुद्धा सायकलवरून उतरून हसला.

तेव्हा मी गप्प बसलो. आज बसणार नाही. नववीपर्यंतच शिकलोय, पण गुरांनी ओढून तोडलेली तार आणि सुरीनं कापलेली तार यांतला फरक मला कळतो. त्या सुट्टीआधी एक दिवस लाईन बंद पडली, तेव्हा टोकं साफ कापलेली होती. म्हणजे जोडायला कोण येतो ते बघत कुणीतरी समोरच्या ताडांत बसलेलं. माझ्या हातातून पक्कड पडते आहे, आणि माझ्या रक्षणाला पाठीशी, ताडांकडे बंदूक रोखून उभा असलेला सावंतवाडीचा जवान पुटपुटतो आहे, "गोंयकारा, लगीन लावतंस काय त्या तारेचा? उरक!" मी जोडली. लाईन चालू झाली. गुरं सांगितली ती आईला झोप लागावी म्हणून. एक गोळी न झाडताही मी शिपाई होतो, बाबा. तू हसलास तरी सुट्टी संपल्यावर मी परत त्याच तारेवर गेलो.

आता माझी नात सैन्यात चालली आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, तूच सांग तिका, जाव नको म्हणान. तुझा ती आयकतली." नाही सांगितलं. सून रडली, तरी म्हटलं, जाऊ दे तिला, हसणारे हसोत.

हा कागद मी चुलीत घालणार आहे, म्हणून एवढं लिहितो. तिच्या मेडिकलच्या आदल्या दिवशी मी देवीपुढे नारळ ठेवला. गाऱ्हाणं भटजी मोठ्यानं घालतात, सगळं देऊळ ऐकतं. काय मागू, त्यांनी विचारलं. पोरीची तपासणी आहे, एवढंच म्हणालो. "तिका पास कर गे माये!" ते ओरडले. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो. मनात मात्र नापास कर, नापास कर असंच चाललं होतं.

देवीनं भटजींचं ऐकलं.