एकेचाळीस दाखले

१२ जून, गुरुवार

हे वाग्देवते, जे पाहिले तेच लिहिण्याचे बळ दे. अधिक नको, उणे नको.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आज जवळजवळ वर्षाने महाविद्यालयात गेले. नावाची का होईना, मी संस्थेची अध्यक्ष. दुसऱ्या वर्षाच्या पटावर साठ नावे; बाकांवर एकोणीस मुले. सगळी खालच्या गावांतल्या शेतकरी घरांतली. डोंगरातल्या आदिवासी वाड्यांवरची एकेचाळीस कुठे?

सचिव भगीरथला विचारले. माझाच विद्यार्थी — दहावीला संस्कृतात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव! हसून म्हणाला, "बाई, देव कंदी डोळ्यांना दिसतो का? तरी असतोच ना! तशी ही पोरं. पटावर हायेत."

ईश्वराचा दृष्टान्त, आणि अशा कामी! मी उठून घरी आले. यायला नको होते.

१४ जून

कार्यालयातल्या भावनाकडून हजेरीपट मागवला. एकेचाळीसही जण वर्षभर हजर. तापाचा एक खाडा नाही, हळदीचा नाही, भातलावणीचा नाही. इतकी निरोगी मुले मी छत्तीस वर्षांच्या अध्यापनात पाहिली नाहीत.

१५ जून

विस्मृतीचा आधार घेण्यापूर्वी लिहून ठेवते. गेल्या जुलैत भगीरथ म्हणाला होता, "आपली पोरं आता कल्याणच्या कालेजात जातात. साठ नाय भरली तर तुकडी बंद. वाडीवरच्या पोरांची फी सरकार भरतं. तुमी नुसत्या चला, बाई. तुमच्या शब्दावर कागद देतील."

आणि शेवटी तो आलाच नाही; काही काम निघाले म्हणाला. मी एकटीच हिंडले.

किन्हवलीच्या वरच्या वाडीत हिरीने आढ्याला टांगलेली पिशवी खाली घेतली. मुलीचा, दिपिकेचा, शाळा सोडल्याचा मूळ दाखला काढला, त्याच्या कोपऱ्याला कुंकू लावले आणि माझ्या हाती दिला. पावती तिने मागितली नाही. मीही दिली नाही. मागितली असती तर मला राग आला असता — हेही खरे.

"मुलांना न्यायला गाडी येईल," असे मीच सांगितले. एकेचाळीस घरांत सांगितले; एकेचाळीस दाखले आणून भगीरथच्या हाती दिले.

१० जुलै, गुरुपौर्णिमा

सकाळपासून जुने विद्यार्थी फुले घेऊन येत होते. दुपारी हिरी आणि दिपिका आल्या. रिकाम्या हातांनी.

"बाई, गाडी नाय आली," हिरी म्हणाली. "दिवाळीपोत वाट पाह्यली आमी. मंग पोरगी आटगावला कंपनीत लागली, पाकिटं भरायला."

दिपिका ताठ उभी. "ठाण्याला नर्सिंगच्या यादीत नाव लागलंय माझं. एकतीस तारखेच्या आत दाखला पायजे. अन् तिथं म्हणतात, तू तर दुसऱ्या कालेजात शिकतेस, तुझी फी सरकारनं तिकडं भरली. मी कुटं शिकते, बाई?"

"हळू बोल गो."

"का हळू? दाखला माझा हाये."

जाताना दोघी पाया पडल्या. मला वेळीच पाय मागे घेता आले नाहीत.

१८ जुलै

भगीरथ दाखला द्यायला तयार आहे. अट एकच — दिपिकेने वर्षभर शिकले आणि आता सोडते असे लिहून द्यावे. तसे लिहिले की सरकार तिची फी पुन्हा भरणार नाही, आणि पाकिटे भरून नर्सिंगची फी निघणार नाही. हे त्यालाही ठाऊक आहे.

"ती लिहून देणार नाही," मी म्हटले.

त्याने स्वतः माझ्या बशीत चहा ओतला. "एकीला असाच दिला तर बाकीची चाळीस जागी होतील, बाई. विचारतील, वाडीवर कोण आलं होतं? मी तर गेलो नव्हतो." मग अगदी मायेने, "पायरी जपून उतरा हां. गुडघा नवा हाये."

१९ जुलै

पोथी उघडली. एक ओळही पुढे सरकली नाही.

२४ जुलै

अध्यक्ष म्हणून माझ्या हस्ताक्षरात पत्र लिहिले: ही विद्यार्थिनी एक दिवसही वर्गात आलेली नाही, पटावरील हजेरी खोटी आहे. प्रत फी भरणाऱ्या सरकारी कार्यालयाला टपालाने रवाना.

भावनाने कपाट उघडून दिले. किल्ली कमरेला खोचत म्हणाली, "बाई, माझं नाव नका घेऊ." घेणार नाही. इथेही ते यापुढे नाही.

एक दाखला आणायला गेले होते. एकेचाळीस घेऊन आले.

दिपिकेने पत्र दोनदा वाचले. "तुमचं काय होईल, बाई?"

"तू ठाण्याला जा," म्हटले.

३१ जुलै

प्रवेश झाला! फोनवर हसत होती, रडत होती. उरलेले चाळीस दाखले घरोघरी पोचले.

२ ऑगस्ट, शनिवार

हवालदार नोटीस देऊन गेला. सोबत संस्थेची तक्रार. अध्यक्षांनी वाडीवरच्या अडाणी लोकांना फसवून मूळ दाखले नेले, असा आरोप. खाली एकेचाळीस घरांचे जबाब. पहिला अंगठा हिरीचा — "बाईच आल्या होत्या. बाईंनीच नेला."

तीनदा वाचले. तिचा एक शब्दही खोटा नाही. सोमवारी पोलीस चौकीत जाऊन मीही तेच सांगेन.

हे पान ज्याच्या हाती पडेल त्याचे मंगल होवो, त्याच्या लेकरांचेही.