सावनीचे उरलेले शुक्रवार

शुक्रवार, १६ मे. सकाळी.
निश्चय. सावनीचा बारावीचा निकाल लागला, पुण्याला अ‍ॅडमिशनही झाली. जूनअखेर मुलगी जाणार. मस्कतमध्ये जन्मली, मस्कतमध्ये वाढली, आणि बापाबरोबर काय पाहिलं? रुवीतला डेंटिस्ट आणि कुरुममधला पासपोर्ट फोटोवाला. दोष माझा नाही. आधी ऑफिस, मग ऊन, मग बायकोचा, म्हणजे नयनाचा, मणका. असो. आता उरलेले सगळे शुक्रवार सहलीचे. गाडीत फक्त मराठी. पुण्यात गेल्यावर तिने मैत्रिणींना सांगितलं पाहिजे की ओमान मला माझ्या बाबाने दाखवला.

प्रेमानंद म्हणाला, उन्हाळ्यात कसल्या सहली, लोक डिसेंबरात फिरतात. प्रेमानंद म्हणजे आमच्या ऑफिसातला इंजिनियर, वादी अदाईत आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. फोर बाय फोर घेतल्यापासून त्याला सल्ले सुचतात.

संध्याकाळी.
कुरुमचा समुद्रकिनारा झाला. पोचायला अकरा वाजले. मी छत्री शोधत होतो, सापडली नाही. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही, म्हणजे जागेची निवड उत्तम. वाळूवर पापड भाजून निघाले असते. नयनाच्या सँडलचा सोल सुटला. दडप्या पोह्यांना आंबूस वास. समुद्राचं पाणी कोमट, कुणीतरी आंघोळ करून सोडल्यासारखं. शी! सावनी एसी लावून गाडीतच बसली. येताना रस्ताभर एक शब्द बोलली नाही. मराठीत विचार करत असावी.

शुक्रवार, २३ मे.
आजची सहल वादीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीपात्रात. प्रेमानंदने काल फोन केला होता. म्हणाला, तिथे खडी आहे, तुझी गाडी खाली लागेल, आमच्याच गाडीत चला. मी म्हटलं, नको नको, तुम्हाला कशाला त्रास. यावर माणसाने पुन्हा विचारायचं असतं. तो ठीक आहे म्हणाला आणि फोन ठेवला! आग्रह कसा करावा हे लोक विसरलेत. आईने आम्हाला शिकवलं होतं, पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा बरं, थोडंच. सरळ हो म्हणणं म्हणजे हावरटपणा.

तर खडीत चाकं रुतली. कात्रजच्या घाटात गाडी चालवलेला माणूस मी, पण इथली खडीच हलक्या दर्जाची. नयना ढकलत होती, मी सूचना देत होतो. शेवटी एक म्हातारे ओमानी गृहस्थ पिकअप घेऊन आले, दोर बांधला, यल्ला म्हणाले, आणि गाडी बाहेर. सावनी त्यांच्याशी अरबीत बोलत होती, घडाघड. कधी शिकली? म्हणे शाळेत, सहावीपासून. गाडीत फक्त मराठी हा नियम मोडला, पण ती गाडीबाहेर उभी होती म्हणून सोडून दिलं.

समोरच त्यांचं घर. खजुराची झाडं, सावली, आतून एसीचा आवाज. चला, काहवा घ्या म्हणाले, म्हणजे त्यांची कॉफी. मी नको म्हटलं. पुन्हा म्हणाले. पुन्हा नको म्हटलं. घसा इतका सुकला होता की तिसऱ्यांदा हो म्हणायला जीभ टाळूपासून सोडवून ठेवली होती. तर त्यांनी छातीवर हात ठेवला, हसले आणि घरात गेले. सावनी त्यांच्या मागे चार पावलं गेलीसुद्धा होती, तिला परत बोलावलं. ओमानी पाहुणचाराचं एवढं ऐकून होतो. दोनदा विचारून खलास!

मग गाडीत पोळीभाजी. काच उघडी होती. एका बकरीने तोंड आत घालून नयनाच्या हातातली पोळी ओढली. तिची लाळ माझ्या बाहीवर. शिसारी आली, अजून येतेय.

घरी आल्यावर सावनीने विचारलं, यू वॉन्टेड टु गो, मग नको का म्हटलंस? मी म्हटलं, याला संस्कार म्हणतात. तिने विचारलं, पण समोरच्याला कसं कळणार? कळतं, म्हटलं. तिने हेडफोन लावले. विषय पटला.

शुक्रवार, ३० मे.
गाडी गॅरेजमध्ये. खडीने सायलेन्सर गेला. अलीमियाँ मेकॅनिक म्हणतो, संडे को मिलेगी, इन्शाल्ला. कुठला संडे ते सांगत नाही.

शुक्रवार, ६ जून.
ईद. गॅरेज बंद. हॉलमध्ये बसून सावनीला नकाशावर ओमान दाखवला. निझवापर्यंत आलो आणि तिला झोप लागली.

शुक्रवार, १३ जून.
गाडी अजून नाही. प्रेमानंदची मंडळी आज खाबुऱ्याला निघाली, त्याच्या ओमानी मित्राच्या आंब्याच्या बागेत. प्रणालीने, म्हणजे त्याच्या मुलीने, सावनीला बोलावलं. सावनी माझ्यापाशी आली, म्हणाली, बाबा, तू पण चल ना, जागा आहे. मी म्हटलं, नको गं, मला म्हाताऱ्याला कुठे, तुम्ही जा. आणि आत जाऊन शर्टाला इस्त्री फिरवली. बाहेर येतो तर घर रिकामं. ती ओके बाबा म्हणून निघून गेली होती. नयनाही! नयनाने पहिल्याच वेळी हो म्हटलं होतं. माहेरची माणसं ऐकतील तर काय म्हणतील.

बाल्कनीतून पाहिलं. गाडी गेटपाशी थांबली. मी हात वर केला. कुणीतरी सीटबेल्ट लावत होतं.

दुपारी कालची भेंडी खाल्ली. फ्रिजमधली. बुळबुळीत. एका घासानंतर टाकली.

संध्याकाळी परत आल्या. उन्हाने लाल, हात आंब्याने चिकट, दोघी हसत. सावनी म्हणाली, आजचा माझा ओमानमधला सगळ्यात मस्त दिवस होता. अख्खं वाक्य मराठीत. माझ्या नियमाचा परिणाम.

शुक्रवार, २० जून.
गाडी आली. सावनीचं पॅकिंग. सहल पुढे ढकलली.

शुक्रवार, २७ जून.
सावनी गेली. विमानतळावर विचारत होती, रोज फोन करू का. मी म्हटलं, नको, अभ्यास कर. येताना गाडीत नयना रडली. मलाही फार वाईट वाटलं. पार्किंगमधून बाहेर पडायला पुन्हा पुन्हा चुकलो. बाणांची ती काय पद्धत, किळसवाणी.

शुक्रवार, १० ऑक्टोबर.
फिरायला उत्तम हवा. कुठे गेलो नाही.

सावनीचा फोन. तीन आठवड्यांनी. स्वतःहून विचारलं, बाबा, दिवाळीला येऊ का तिकडे? ऐकून इतका आनंद झाला की खुर्चीतून उठलो. म्हटलं, नको, कशाला दगदग, चार दिवसांसाठी. ती म्हणाली, ओके, मग मैत्रिणीबरोबर दापोलीला जाते. बाय बाबा.

नयना स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, उल्हास, आत्ताच्या आत्ता तिला फोन लाव आणि ये म्हण. मी समजावलं की असं आपण होऊन सांगणं बरं दिसत नाही. ती अजून दोनदा विचारेल. नयना परत आत गेली. बेसन करपलं होतं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर.
सावनीने पुन्हा विचारलेलं नाही. रेंजचा प्रॉब्लेम असणार.

नयना दिवाळीला पुण्याला जातेय. सावनी दापोलीहून दोन दिवस लवकर परत येणार आहे, आईसाठी. नयनाने मोबाइलवर तिकीट काढता काढता विचारलं, तू येणार का. मी म्हटलं, नको, ऑफिस आहे, तू जा. आणि चष्मा पुसत थांबलो. एकवीस वर्षं झाली लग्नाला. मी तिसऱ्या वेळी हो म्हणतो हे या जगात फक्त तिला माहीत आहे.

बरं म्हणाली, आणि एकच तिकीट काढलं. खिडकीची जागा मिळाली म्हणे.