गाडीला दोन पावसाळे

प्रिय आप्पा,

सात महिने झाले तुम्हाला जाऊन आणि एवढ्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज लिहितेय ते मात्र आठवणीने व्याकूळ होऊन वगैरे नाही बरं का! कामानं लिहितेय. उद्या दुपारी बारापर्यंत शोरूमला उत्तर द्यायचंय आणि घरात कुणाचं कुणाशी पटत नाहीये. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आदी च्या टाका, मंग बोलू." चहा तीनदा झाला, आप्पा. बोलणं काही संपेना.

आपली जुनी पिकअप गेली. म्हणजे गोडाऊनच्या दारात उभी आहे अजून, पण मेस्त्रीने तिच्या पोटाखालून हात फिरवला आणि मूठभर गंज माझ्या तळहातावर ठेवला. "वयनी, यंदा पासिंगला नेऊच नका," म्हणाला. पंधरा वर्षं तिने आपले टोप, पातेली, झारे, शेगड्या वाहिल्या. पनवेलपासून उरणपर्यंत एवढ्या गावांच्या हळदीची जेवणं आपल्या भाड्याच्या भांड्यांत शिजली. मी तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले, तर मेस्त्री बिचारा दुसरीकडे बघायला लागला.

आता तुळशीचं लग्न लागलं की आपला हंगाम सुरू. भांडी सांगून ठेवलेली घरं वाट बघतायत. आणि समोर दोन गाड्या. एक सीएनजीची, सगळ्यांच्या वापरातली, उद्या पैसे भरले तर उद्याच दारात. दुसरी चार्जिंगवाली, अजून बाजारात यायचीच आहे. मंगेश म्हणतो सीएनजी घे, कुठल्याही नाक्यावरच्या मेस्त्रीला ती उघडता येते. तुमच्या लेकाला तळोज्याच्या कंपनीत सोळा वर्षं झाली, पण अजूनही प्रत्येक वस्तू उघडता येते का, हेच आधी बघतो. प्रणालीला मात्र चार्जिंगवालीच हवी.

प्रणालीला तुम्ही आता बघायला हवं होतं! केतन बोटीवर गेला की एकटीने कोपऱ्यात बसणारी तुमची धाकटी सून हल्ली माझ्याशी भांडते. कळंबोलीच्या मैदानावर ती नवी गाडी दाखवायला आणली होती, तिथे मला ओढत घेऊन गेली. लायसन दाखवलं की दोन चकरा मारू देत होते. प्रणालीने मारल्या. गिअर नाही, क्लच नाही. उतरली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की मीच जरा ओशाळले. तिथला पोरगा म्हणाला, "मॅडम, मार्चपर्यंत तुमच्या हातात." मी विचारलं, "हा मार्च की पुढचा?" तर नुसता हसला.

खरं सांगू? ती गाडी माझ्याही मनात भरली. कारण तिला आवाज नव्हता. माझ्या शेजारून गेली तेव्हा टायरखालची खडी तेवढी वाजली. आणि मला एकदम तुम्ही आठवलात, वळणावर इंजिन बंद करणारे.

ती पहिली वेळ मी कशी विसरेन? मी चिंचवडची पोरगी. टोप म्हणजे घरातला भाताचा, एवढंच मला ठाऊक. इथे बघते तर तीन माणसं आत बसून गप्पा मारतील असले टोप! पळस्प्याच्या पुढे एका घरी मयत झालं होतं, तिथे दहाव्याची भांडी पोचवायची होती. निघण्याआधी तुम्ही प्रत्येक दोन टोपांमध्ये गोणपाट कोंबलंत. मी विचारलं, कशाला? तर म्हणालात, "हलदीला वाजत जावा, मयताच्या घरा मुक्यानं." आणि त्यांच्या आळीच्या वळणावर चावी फिरवून खाली उतरलात. म्हणालात, "सूनबाय, लाव हात." मी नवी नवरी, हातात अजून हिरवा चुडा, आणि भर गावातून सासऱ्याबरोबर पिकअप ढकलतेय! त्या घरातल्या म्हातारीने गाडी आलेली ऐकली नाही, एकदम टोपच दारात बघितले आणि तुमच्याकडे बघून हात जोडले.

मयताच्या घरून तुम्ही कधी भाडं घेतलं नाहीत. आणि कधी नाही म्हणाला नाहीत. घरचं लग्न असो नाहीतर ताप, निरोप आला की गाडी निघायची. तोच नियम आज माझ्या मानेवर बसलाय, आप्पा. ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला मी काय सांगू? थांबा, आमची गाडी मार्चमध्ये येतेय?

तुमचा दुसराही नियम मला पाठ आहे. "गारीला दोन पावसाले. शेजाऱ्याच्या दारान काडू दे, मंग आपली." हा नियम तुम्ही कुठे शिकलात हे तर सगळ्या तालुक्याला ठाऊक! नवा टेम्पो निघाला म्हणून सगळ्यांच्या आधी घेऊन आलात, हार घातलात, आणि पहिल्याच हळदीला तो पळस्प्याच्या फाट्यावर जो बसला तो हललाच नाही. वीस टोप हायवेवर आणि तिकडे शे-दोनशे माणसं जेवायची. शेवटी वाडीतल्या घराघरांतून पातेली मागून आणली आणि मटण सतरा ठिकाणी शिजलं. कुठे तिखट, कुठे अळणी! त्या नवरदेवाचा मामा तुम्हाला मरेपर्यंत विचारत होता, "आप्पा, टोप आलं का रं?" आणि तुम्ही दरवेळी तेवढ्याच मनापासून हसत होतात. स्वतःची फजिती स्वतःच रंगवून सांगणारा माणूस मी तुमच्याआधी पाहिला नव्हता. आमच्या चिंचवडला फजिती झाकून ठेवायची पद्धत.

मला मात्र तुम्ही दोन पावसाळे थांबवलं नाहीत.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मंगेश ड्युटीवर, आणि त्याच दिवशी एका हळदीची भांडी द्यायची होती. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून तुम्ही ओट्यावर बसला होतात. म्हणालात, "तुज्याकडं लायसन हाय ना?" मी म्हटलं, आहे, पण ड्रायव्हिंग स्कूलची गाडी सोडून दुसरी चालवलेली नाही. "लायसन सरकारनी दिला, चावी मी देतंय," म्हणालात आणि चावी माझ्या पदरात टाकलीत. टाकलीतच! हातात दिली असतीत तर मी नको म्हटलं असतं.

शेजारचे काका फाटकात येऊन म्हणाले, "आप्पा, सून गारी चालवनार?" तुम्ही म्हणालात, "मंग? टोप काय सोताच्या पायाना चालत जातील?"

आणि मी काय केलं? हळदीच्या दारात गाडी मागे घेताना सगळी कमानच खाली आणली. बांबू, पताका, लायटिंग, वर 'शुभविवाह' लिहिलेला फलक, सगळं आपल्या टोपांवर. बायका किंचाळल्या. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होते. तुम्ही शेजारच्या सीटवरून एका डोळ्याने खाली उतरलात, बांबू हातात घेऊन निरखलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "कमान वाकरीच व्हती." एवढंच. पुढे कधी त्यावरून एक शब्द बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी चावी पुन्हा पदरात.

त्या एका वाक्यावर मी चौदा वर्षं गाडी चालवली, आप्पा. मंगेशने मला संसार दिला हे खरं, पण माझं स्वतःचं असं जे काही आहे, ते तुम्ही दिलंत. गावोगावच्या बायका मला आज नावाने ओळखतात. हे तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हणायला गेले असते तर तुम्ही "पुरे, पुरे" करून उठून गेला असतात, म्हणून राहून गेलं. आता उठून कुठे जाल? ऐका मुकाट्याने. तुमचे उपकार आहेत माझ्यावर.

एक चूक कबूल करायची आहे. तुमच्या दहाव्याची भांडी मीच आणली, आपल्याच गोडाऊनमधून, आपल्याच गाडीने. आणि तुमचा नियम विसरले. गोणपाटही घातलं नाही, वळणावर इंजिनही बंद केलं नाही. डोकं ठिकाणावर नव्हतं. रोज जशी यायची तशी गाडी दणदणत, टोप वाजवत दारात नेली. आत गेले तर आई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्या होत्या. आवाज ऐकून त्यांनी तुमच्यासाठी चहाचं आधण ठेवलं होतं. माझ्याकडे बघितलं, तेव्हा त्यांना आठवलं. तुमच्या मापाची साखर घातली आणि तो कप माझ्या हातात दिला. मी उभ्याने प्यायले. इतका गोड चहा माझ्या घशाखाली कधी उतरला नव्हता, तो उतरवला.

म्हणून मला वाटलं होतं, बिनआवाजाची गाडी आली तर आई तरी सुटतील. काल रात्रीचं जेवण झाल्यावर मी त्यांना तसं म्हटलंही. तर म्हणाल्या, "आवाज नाय, त मना कलंल कसा तू घरा आलीस?" मला वाटत होतं त्या आवाजाने त्यांना त्रास होतो. त्या तर माझी वाट त्याच आवाजावर बघतात!

मग मी सगळ्यांना ठासून सांगितलं, की आप्पांचा नियम आहे, गाडीला दोन पावसाळे. सीएनजीच घ्यायची. प्रणाली हळूच म्हणाली, "ताई, ती चार्जिंगवाली असती तर मला पण जमलं असतं. क्लचची गाडी तुम्ही मला देतच नाही ना." मी म्हटलं, "अगं, देईन की. थोडी रुळ जरा." तेव्हा आई भांडी आवरता आवरता थांबल्या.

"गारीला थांब, बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "पोरीला कनाला थांबवलास? तुला थांबवला व्हता का त्यांनी?"

आप्पा, मी बोटांवर मोजलं. प्रणाली घरात येऊन दोन पावसाळे झाले. लायसन घेऊन आली होती ती, माझ्यासारखीच. दोन वर्षं ती माझ्या शेजारच्या सीटवर बसून येते, गोणपाट कोंबते, वळणावर उतरून ढकलते, आणि चावी माझ्या पर्समध्ये असते. ती आली तेव्हापासून तुम्ही आजारी नसतात तर तिच्या पदरात ती केव्हाच पडली असती. मी मात्र गाडीचा नियम माणसाला लावून बसले. काळजीने लावला, असं मला आजवर वाटत होतं. काल रात्रभर विचार केला तर त्यात थोडा मीपणाही निघाला. पिकअप चालवणारी सून म्हणून गावात मी एकटीच होते ना!

तुमच्यावरही थोडा राग आहे, सांगूनच टाकते. सगळं करून दाखवलंत, पण हे असं करायचं असतं असं कधी समजावून सांगितलं नाहीत. चावी टाकून मोकळे! मला वाटलं ती माझी हुशारी.

तर ठरलं. गाडी सीएनजीची, सगळ्यांनी वापरून पारखलेलं मॉडेल. चार्जिंगवाली कुठे पळून जात नाही. येऊ दे मार्चमध्ये, हव्या त्या मार्चमध्ये. शेजाऱ्यांच्या दारात दोन पावसाळे काढू दे, आपल्या पावसातल्या पाण्यात उतरून दाखवू दे, मग तिलाही हार घालू. तोवर मयताच्या घरी आपण वळणावर इंजिन बंद करू आणि ढकलू. आता ढकलायला आम्ही दोघी आहोत.

आणि हा शब्द देते तुम्हाला. उद्या शोरूममधून गाडी मी आणणार नाही. चावी मी प्रणालीच्या पदरात टाकणार आहे. ती ओढणी घेते, तर ओढणीत टाकेन. नको म्हणायला वेळ देणार नाही. मी शेजारी बसेन आणि तोंड बंद ठेवेन, हे मला किती जड जाईल ते तुम्हाला माहीत आहे. आईंना सांगून ठेवलंय, उद्या आवाज नवा असेल, ओळखू आला नाही तरी घाबरू नका, आधण ठेवा.

आणि या हंगामात तिच्या हातून कुणाच्या दारची कमान पडलीच, तर मी एका डोळ्याने खाली उतरेन, बांबू हातात घेईन, आणि काय म्हणायचं ते मला माहीत आहे.

तुमची,
वाकड्या कमानीवाली सून,
वैशाली