न मरणाऱ्या पेशी

३ मार्च, सकाळी ९
पीएचडीचं सातवं वर्ष. हे शेवटचं. ठरलं म्हणजे ठरलं. तीस एप्रिलला थीसिस देणार, एक मेला बायकोच्या शहरात हजर. तिला फोनवर सांगितलं. म्हणाली, तारीख कळली, साल कुठलं? टोमण्यांशिवाय बोलताच येत नाही.

५ मार्च
प्रयोग सोपा. पेशींवर पेरॉक्साइड टाकायचं. त्या आतून गंजल्यासारख्या होऊन मरतात. ज्यांच्यात माझं, थीसिसचं प्रोटीन जास्त, त्यांनी तगायचं. आजवर दोन्ही गट गुण्यागोविंदाने मरत आलेत. दोष इन्क्युबेटरचा.

११ मार्च, दुपारी
जगल्या! प्रोटीनवाल्या झाडून सगळ्या जगल्या! साध्या पेशींची प्लेट लावली नव्हती. त्या मरणारच, त्यात बघायचं काय? गाईड मॅडमनी नेमकं त्या प्लेटचंच विचारलं. म्हटलं, चालू आहे.

१२ मार्च
बायकोला दोघांसाठी घर बघायला सांगितलं. ती हसली. किती महिन्यांनी!

१६ मार्च
साध्याही जगल्या. माझं प्रोटीन शेजारच्या प्लेटलाही वाचवतं की काय? असेल तर फारच मोठा शोध. डोस दुप्पट केला. जगल्या. चौपट. टुणटुणीत.
लॅबच्या टेक्निशियन ताईंनी बाटली उचलून विचारलं, ही खिडकीतली का? उन्हात पेरॉक्साइडचं पाणी होतं म्हणे. मी आठवडाभर पेशींना आंघोळ घालतोय.
फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून खिडकीत ठेवली होती. फ्रिज माझ्याच जुन्या नळ्यांनी भरलाय, पण तो मुद्दा वेगळा.

१८ मार्च
ताजी बाटली. सगळ्या मेल्या. प्रोटीनवाल्या आधी.

१९ मार्च, सकाळी
मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्याच नाहीत. म्हणाल्या, प्रोटीन वाचवत नाही हाही निकालच आहे. सात वर्षांचा डेटा पुरे. लिही आणि जा.
जा! इतक्या सहज! या टेबलाबाहेर मला काय येतं? म्हटलं, मॅडम, डोस थोडा कमी करून बघतो, सहा महिने द्या. त्यांनी मुदतवाढीच्या अर्जावर सही केली.

संध्याकाळी ७
बायकोचा फोन. घर मिळालं. दोन खोल्या, भरपूर उजेड. आज चावी घेतली म्हणाली.
तिला सांगितलं, मॅडम सोडत नाहीत.