आप्पांच्या तोंडचं वाक्य

ता. ९, मंगळवार

प्रिय धाकल्या,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर तुझी नवी पदवी लिहिली नाही, म्हणून तुझ्या शिष्यांनी हे पत्र बाजूला टाकलं नसेल अशी आशा करते. 'सद्गुरू' लिहायला घेतलं होतं, पण शाळेत जाताना भर रस्त्यात सुटलेली तुझी नाडी आठवली आणि पेन पुढे सरकेना.

इकडे आम्ही बरे आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, पण वॉर्डात आठ तास उभी राहते अजून. तुझ्या भावोजींच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. दिसायला लागल्यापासून घरातली धूळ मलाच दाखवत बसतात. पेपरात तुमच्या गादीच्या खटल्याची बातमी आली की मोठ्याने वाचतात आणि मग पेपर असा आपटतात की जणू मीच छापलाय.

रविवारी आम्ही सात जण शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत जमतो. खाली मशीन बंद असतं त्या दिवशी. तासभर जप करतो, चहा पितो, आपापला कप आपण धुतो आणि घरी जातो. आप्पांनी शिकवलं तेवढंच, त्यात एक काडीही वाढवलेली नाही. शिंपी म्हणतो, आप्पांचा संप्रदाय आता सात कपांचा उरलाय. बाकीचे निम्मे तुझ्याकडे, निम्मे आप्पांच्या पुतण्याकडे. त्याने म्हणे संगमरवरी मूर्तीचं मापसुद्धा देऊन ठेवलंय. ज्या माणसाने जन्मभर रेडिओ दुरुस्त केले आणि जमिनीवर चटई टाकून शिकवलं, त्याला तुम्ही दोघं मिळून सिंहासनावर बसवणार! हसावं की रडावं, तूच सांग.

बरं, नमनाला घडाभर तेल झालं. मुद्द्याचं लिहिते.

परवा पुतण्याचा वकील येऊन गेला. चहा घेतला, घराची तारीफ केली आणि एकच प्रश्न विचारला, "बाई, शेवटच्या वेळी खोलीत तुम्ही एकट्याच होता ना?" मी हो म्हटलं. काल तुझा वकील आला. त्याच खुर्चीत बसला. त्याच्याकडे टाइप केलेला कागद होता, सही तेवढी माझी हवी होती. त्यात लिहिलंय की अंतिम क्षणी सद्गुरूंनी माझ्यासमक्ष तुझं नाव घेतलं आणि पुढचं सगळं तुझ्यावर सोपवलं. कागद टेबलावर ठेवून गेलाय. मी त्यावर साखरेचा डबा ठेवलाय, उडू नये म्हणून. सही केलेली नाही.

धाकल्या, तो दिवस तुला आठवतो तसा मलाही आठवतो. दुपारचे तीन. तीन दिवस तू डोळ्याला डोळा लावला नव्हतास. ऑक्सिजनचं सिलिंडर आणायला मीच तुला पाठवलं. तू ते खांद्यावर घेऊन दोन जिने चढून आलास, तेव्हा आप्पांना जाऊन बारा मिनिटं झाली होती. सिलिंडर खाली ठेवायचंही तुला सुचलं नाही. दारातच उभं राहून विचारलंस, "काही म्हणाले का? माझ्याबद्दल?"

तीस वर्षं मी हे काम करते आहे. उशिरा पोचलेला मुलगा, बस चुकलेली बायको, सगळे हेच विचारतात आणि सगळ्यांना मी तेच सांगते. शांतपणे गेले, त्रास झाला नाही, तुमची आठवण काढत होते. तोंडात बसलंय ते वाक्य. त्याने आजवर कुणाचं वाईट झालं नव्हतं. माणसं रडतात, हात जोडतात, घरी जातात.

तुला जरा जास्तच सांगितलं, कारण तू माझा भाऊ. "तुझंच नाव घेतलं रे. धाकटा आला का, विचारत होते. म्हणाले, आता त्यालाच सांभाळायचंय सगळं."

ते खोटं होतं. आप्पा म्हणाले होते, "पाणी." मी कापूस भिजवून त्यांच्या ओठांना लावला. त्यानंतर ते काहीच बोलले नाहीत.

लिहिलं एकदाचं. दोन वर्षं हे घशात अडकून बसलं होतं. तू घरी जाऊन रडशील आणि सावरशील असं मला वाटलं होतं. तू ते आठवड्यात माइकवर सांगितलंस. तेव्हाच ओरडायला हवं होतं मी. पण तुझ्याभोवती एवढी माणसं रडत होती की माझी वाचाच बसली. मग रोज वाटायचं, उद्या सांगू.

आप्पा काय म्हणायचे ते तुला मी सांगायला नको. माझ्यामागे गादीवर कुणी बसू नका, ज्याला मंत्र दिला त्याचा तो झाला. आणि मी बोललो नाही ते माझ्या तोंडी घालू नका, गेलेल्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. सगळ्या शिकवणीतली ही एवढी एक गोष्ट, आणि ती मोडली कुणी, तर त्यांचं अंग पुसणारीने!

आता इकडे आड तिकडे विहीर. सही केली तर तू बसणार. खरं बोलले तर नात्याने पुतण्या बसणार. आप्पांचं दोन्हीकडे काहीच नाही. म्हणून पदर पसरून मागते, कोर्टाच्या तारखेच्या आधी तू आपण होऊन ऊठ. लोकांना सांग की आप्पांनी कुणालाच बसवलं नाही. एक जण उठला तर दुसऱ्याला बसायची लाज वाटेल, एवढी तरी आशा मला करू दे. माझं नाव खुशाल घे. ताई खोटं बोलली, म्हण.

भावोजी आशीर्वाद सांगतात. म्हणजे शिव्याच देतात, आशीर्वाद मी लिहिते.

तुझी,
ताई


ता. २३, मंगळवार

प्रिय धाकल्या,

पत्राला पत्रानेच उत्तर दिलं असतंस तर बरं झालं असतं रे. शनिवारी तू स्वतः आलास. काय घडलं ते तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते, कारण सगळं तुला दिसलं नसावं.

तुझ्याबरोबर चार माणसं होती. एकाने माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर रेशमी कापड अंथरलं. शेजारीण जिन्यातच वाकली. मग तू सगळ्यांना बाहेर काढलंस, कडी लावलीस आणि म्हणालास, "ताई, खायला काही आहे का गं?" त्या क्षणी मला वाटलं, सुटले मी. माझा भाऊ परत आला.

आणि मग खाली मान घालून तू म्हणालास, "ताई, मला तेव्हाच माहीत होतं."

मी विचारलं, काय माहीत होतं?

"जायच्या चार दिवस आधी मी पाय चेपत होतो. आप्पांनी पाय ओढून घेतले. म्हणाले, तू कोणाचा रे? बावीस वर्षं, ताई. बावीस वर्षांनी विचारतात, तू कोणाचा. ते माझं नाव कुठून घेणार होते? तू वॉर्डात सगळ्यांना काय सांगतेस ते मला पाठ आहे. तरी विचारलं. मला ते ऐकायचंच होतं."

मला मेलीला वाटत होतं, ती गोष्ट मी एकटीनेच लपवली. त्या आठवड्यात मलाही त्यांनी 'आई' म्हणून हाक मारली होती. मी फाइलमध्येसुद्धा लिहिलं नाही. आप्पांचं मन पुसलं जातंय हे आपण दोघांनीही झाकलं, एकमेकांपासूनसुद्धा. त्या दिवशी दोघं मिळून रडलो असतो तर यातलं काहीच झालं नसतं.

मी म्हटलं, मग आता तरी ऊठ. तू म्हणालास, "आता उठता येत नाही. चारशे माणसं माझ्यावर विसंबून आहेत, त्यांना काय सांगू? सही कर ताई." मी म्हटलं, आप्पांनी सांगितलं तेच सांग. तू परत तारखेबद्दल बोलायला लागलास. तेवढ्यात तुझा धक्का लागून चहा सांडला, कप घरंगळत तुझ्या पायाशी गेला. मी फडकं घेऊन खाली वाकले.

तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास.

सवयीने. तुझं लक्षही नव्हतं, तू तारखेबद्दलच बोलत होतास. ज्या हाताला धरून मी पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, तो हात मला आशीर्वाद देत होता. मी तशीच वाकून राहिले. हलले असते तर तुला कळलं असतं, आणि तुझी शरम मला बघवली नसती.

रविवारी मी त्या सहा जणांनाही सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. मी कप घेऊन मोरीकडे निघाले, तर शिंप्याने तो माझ्या हातातून काढून घेतला. "राहू द्या बाई. आम्ही धुतो. तुम्ही या आता." जिथे आपला कप आपणच धुतो, त्या खोलीत माझा कप दुसऱ्याने धुतला. मला काय ते समजलं. रडत रडत जिना उतरले.

तेव्हा आता तुझ्याकडे जागा नाही, पुतण्याकडे मला जायचं नाही, आणि जिथे जायचं होतं तिथलं दार माझ्याच हाताने लागलं. जपाला बसते, पण मंत्राच्या मधेच 'पाणी' ऐकू येतं. गुरूशी इमान राखायचं म्हणून खरं बोलायचं, तर त्या खऱ्याचा मालक उद्या पुतण्या होणार. संध्याकाळी तो मूर्तीचं काम सुरू करेल. मला ठाऊक आहे. तरी सही केलेली नाही, करणारही नाही. उद्या कोर्टात मी 'पाणी' एवढंच सांगणार आहे. आप्पा बोलले तेवढंच.

कोर्टात आधी नाव, वय, धंदा विचारतात, असं तुझ्या भावोजींनी सांगितलं. त्याची उत्तरं तयार आहेत. मग तुझ्याकडे बोट दाखवून विचारतील, हे तुमचे कोण? खरं सांगायची शपथ घेतल्यावर याचं काय उत्तर द्यायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.

ताई