सुदेशची हळद आणि माझ्या हिरड्या

१२ जानेवारी
भाचा सुदेशचं लग्न ठरलं. हळदीला धवले मीच म्हणणार. अख्ख्या मानपाड्यात लग्नाची गाणी माझ्यासारखी कोणाला येत नाहीत. थोरली जाऊ रखमाबाई म्हणते, मीपण बसते शेजारी. कवळी लावून धवले? नवरदेव पळून जाईल.

१५ जानेवारी
मिश्री लावताना रक्त आलं. नासकं रक्त, गेलेलं बरं. सून कृतिका मागे लागली, आई, डॉक्टरकडे चला. कालची पोर.

१९ जानेवारी
गेलेले. नाहीतर ती गप्प बसत नाही. दातांची डॉक्टरीण व्हेनेसा, एवढीशी. म्हणते, मावशी, दात धड आहेत, हिरड्या सडल्यात. मिश्री सोडा, मऊ ब्रशने सकाळ-रात्र घासा, मुळाशी जमलेला दगडासारखा थर आजच काढते. मी म्हटलं, दुखत नाही तर आजार कसला? म्हणे, दुखत नाही म्हणूनच लोक उशिरा येतात. थर काढू दिला नाही. त्यानेच तर दात धरून ठेवलेत.

२० जानेवारी
मिश्री बंद. कायमची.
दुपारी लावली. डोकं जड झालेलं.
उद्यापासून बंद. ताजी भाजलेली फेकवत नाही.

२६ जानेवारी
ब्रश केला. जास्तच रक्त. म्हणजे ब्रशच वाईट. सोडला. शेगडीला मात्र बेस्ट आहे, बर्नर चकाचक.

२ फेब्रुवारी
आरशात पुढचे दात लांब दिसले. या वयात वाढतायत! ह्यांना दाखवले. म्हणाले, घोडी दिसतेस. रात्री ह्यांच्या कालवणात मीठ घातलं नाही.

९ फेब्रुवारी
पुढचा एक हलतो. ढकलला की जातो, परत जागेवर येतो. म्हणजे मूळ घट्ट आहे. हळदीपर्यंत जीभ लावायची नाही.
जेवताना लागली.

१५ फेब्रुवारी
रखमाबाई आलेली. म्हणे, अगं, तोंडाला वास मारतोय तुझ्या, जरा लांब सरक. मी म्हटलं, तुझे दात रात्री वाटीत झोपतात, तू मला शिकवू नको. रडत गेली. बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी. हळद.
सकाळी मिश्री जास्त लावली, दात आवळून बसायला.
संध्याकाळी मांडव गच्च भरलेला. पहिलाच धवला, आवाज वर नेला आणि दात थेट सुदेशच्या मांडीवर. रक्तासकट. नवरदेव बोंबलला. त्याची आई म्हणाली, उचला ते आधी, अपशकुन. मी थांबले नाही. पण नुसती हवा. फुस्स फुस्स. पोरं मोबाइल काढून हसायला लागली. कोणीतरी रखमाबाईला हाक मारली. तिने सगळे धवले म्हटले. चुकली दोनदा. कोणाला कळलं नाही.

२५ फेब्रुवारी
डॉक्टरीण म्हणाली, शेजारचे दोन्ही जाणार. हिरडीत धरायला काही उरलं नाही. थर काढून घेतला. आता.
घरी आल्यावर गल्लीतल्या मयूरच्या आईचा फोन. त्याच्या लग्नाचे धवले मला सांगितलेले, वैशाखातले. म्हणाली, मावशी, तुम्ही निवांत या, तुम्हाला पुढे खुर्ची ठेवते.
खुर्चीवर पाहुणे बसतात. धवलारीण खाली बसते, नवऱ्याच्या पाटाशी.
हो म्हटलं. तेवढं नीट म्हणता आलं.